मुख्यमंत्री बोलत नाहीत

मालिकेतला माणूस मारायला अर्धं पान पुरतं, जगवायला मात्र लिहिणाऱ्याचा जीव जातो. बाईंना हे कुणी शिकवायला नको होतं. बाई म्हणजे संवादलेखिका. युनिटमध्ये त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. दिग्दर्शकापासून चहा आणून देणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या त्या बाईच. राजकारणावरची ही रोजची मालिका पहिल्या भागापासून त्याच लिहीत होत्या आणि आता त्यांची गत अशी झाली होती, की सकाळी दाराची बेल वाजली तरी त्यांना वाटे, आलं कुणीतरी पाठिंबा काढून घ्यायला.

चार वर्षांत त्यांनी काय नाही केलं? गृहमंत्र्याचं काम करणाऱ्या नटाला सिनेमा मिळाला, की गृहमंत्री निघाला परदेश दौऱ्यावर. मुख्यमंत्र्यांच्या सुनेचं काम करणाऱ्या पोरीला दिवस गेले, तर सून फायलींचा गठ्ठा पोटाशी धरून महिनोन्‌महिने सचिवालयात हिंडली. पक्षाचा सरचिटणीस निर्मात्याशी भांडला, तर दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला तुरुंगात घातला, आणि दोघांचं पुन्हा गूळपीठ जमल्यावर जामिनावर सोडवून आणला. नट रुसतात, आजारी पडतात, लग्न करतात. मालिका थांबत नाही. या सगळ्याला बाई सरावल्या होत्या. सरावल्या कसल्या, विटल्या होत्या.

पण दादा आजारी पडले, तेव्हा बाईंच्या पायांखालची जमीन सरकली.

दादा मालिकेतले मुख्यमंत्री. उभं आयुष्य नाटकात काढलेला माणूस. आवाज असा, की मागच्या रांगेतल्या डुलक्या घेणाऱ्याने सावरून बसावं. युनिटमधली मंडळी पाठीमागे त्यांना 'तोफ' म्हणत आणि दादांना ते माहीत होतं, आवडतही होतं. बाई रात्रंदिवस खर्डेघाशी करून जी वाक्यं लिहीत, त्यांतली निम्मी त्यांची त्यांनाच टाकाऊ वाटत. पण दादांनी तेच वाक्य उच्चारलं की बाई मनात म्हणत, अगं बाई, हे मी लिहिलं? लिहिणाऱ्याला असा एक माणूस भेटावा लागतो, ज्याच्या तोंडून आपले शब्द शहाणे होतात. बाईंना तो साठीच्या उंबरठ्यावर भेटला होता.

आणि एका सकाळी दाढी करताना दादांच्या हातातून वस्तरा पडला. अर्धं अंग लुळं पडलं. हात आणि पाय महिनाभरात बरेचसे सावरले, पण वाचा गेली ती गेली. बाई दवाखान्यात भेटायला गेल्या, तर दादांनी त्यांना पाहून तोंड उघडलं आणि नुसता एक घरघरता आवाज आला. दादांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यांची बायको, जिला बाई वहिनी म्हणत, पटकन पुढे झाल्या आणि उगाच पांघरूण नीट करत बसल्या.

इकडे निर्मात्याने तोडगा काढूनच ठेवला होता. "मुख्यमंत्र्याच्या गाडीला अपघात. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया. पट्ट्या सोडल्या की नवा नट. सोपं आहे, बाई."

"सोपं आहे ना? मग तुम्हीच लिहा," बाई म्हणाल्या.

बाई अशा कधी बोलत नसत. निर्माता गप्पच झाला. त्या गप्प झालेल्या खोलीत बाईंना ते सुचलं. मुख्यमंत्री भर सभेत शपथ घेतो, खाणीत गाडल्या गेलेल्या मजुरांच्या बायकापोरांना न्याय मिळेपर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही. सभा दाखवायचीच नाही, शपथेची बातमी सचिव वाचून दाखवेल. दादांनी फक्त बसायचं, बघायचं, मान हलवायची. पंधरा दिवस तर ओढू, पुढचं पुढे. चॅनलच्या मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या आणि हो म्हटलं.

आता गंमत बघा. ज्या मालिकेत चार वर्षं सगळेच्या सगळे नुसते बडबडत होते, तिच्यात एक माणूस गप्प बसला आणि लोक वेडे झाले! बोलणारे पुढारी लोकांनी आयुष्यभर ऐकले होते. गप्प बसलेला पुढारी कुणी बघितला होता? दादांचे ते डोळे, ओठांचा तो किंचित वाकडा कोपरा. लोकांना वाटे, किती गिळतोय बिचारा! बसमध्ये, दुकानात, बँकेच्या रांगेत एकच विषय. शाळेतली पोरं गृहपाठ केला नाही की वर्गशिक्षकांसमोर शपथ घेऊन मोकळी होत. मालिका घसरत घसरत तळाला गेली होती, ती वर चढायला लागली आणि चढतच राहिली. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, दोनाचे पाच.

बाईंचे यजमान जेवताना म्हणाले, "एवढ्या मोठ्या मुख्यमंत्र्याला गप्प बसवलंस. मला तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच बसवलं होतंस म्हणा."

"तुम्हाला कुठे टाळ्या पडल्या?" बाई म्हणाल्या आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या.

खरं सांगायचं, तर बाईंना स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. एका माणसाची भाकरी वाचवली, मालिका वाचवली. आणखी काय पाहिजे?

दादांना मात्र आणखी पाहिजे होतं. चित्रीकरण आटोपून घरी गेले की वहिनी त्यांना आरशासमोर बसवत. बोलणं शिकवणारी डॉक्टरीण आठवड्यातून दोनदा यायची, उरलेल्या दिवशी वहिनीच डॉक्टरीण. गाल फुगवा, जीभ वर न्या, ओठ मिटा, आता फुंका. लहान मुलाला बोलतं करावं तसं. शेजारीपाजारी म्हणत, या वयात कशाला एवढा आटापिटा? चाललंय ना छान? स्वयंपाकघराच्या दारावर वहिनींनी दादांच्या जुन्या नाटकाचं पोस्टर लावून ठेवलं होतं आणि ते हलवायला त्या तयार नव्हत्या.

आणि एका रविवारी त्यांनी बाईंना घरी बोलावलं. बाई बसल्या. दादा समोर येऊन उभे राहिले, खुर्चीची पाठ धरली आणि म्हणाले, "बाई, चहा घ्या."

तीन शब्द हो! पण बाईंच्या अंगावर काटा आला. शब्द थोडे ओढल्यासारखे येत होते, तोंडात गोळी धरून बोलावं तसे, पण येत होते. मग दादा थांबेचनात. हवापाणी, गुडघेदुखी, सेटवरचा पाणचट चहा, सगळ्यावर बोलले. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. शेवटी दादा म्हणाले, "आता शपथ सोडवा माझी. भाषण लिहा. मोठं लिहा. घाबरू नका, पेलेन."

बाईंनी लिहिलं. इतकी वर्षं लेखणी घासली, पण असं काही हातून उतरलं नव्हतं. खाणीतल्या बायकांसमोर उभा राहून मुख्यमंत्री पहिल्यांदा तोंड उघडतो आणि म्हणतो, की मी गप्प बसलो ते मोठेपणा म्हणून नव्हे. मला बोलायचं तोंडच नव्हतं. अडीच पानं. दादांनी ती घेतली आणि तीन आठवडे घासली. वहिनींना पाठ झाली, मोलकरणीला पाठ झाली, खालच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात भेटले की मधलं वाक्य टाकायला लागले.

बाईंनी ते भाषण चॅनलच्या मॅडमपुढे ठेवलं. मॅडमनी वाचलं. सावकाश वाचलं, हे सांगितलं पाहिजे. काही लोक नुसतं चाळतात.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण होणार नाही."

"म्हणजे?"

"बाई, लोकांना ते गप्प आवडतात. आम्ही विचारलंय लोकांना. बोलले तर शंभरातले सत्तर म्हणतात, मजा जाईल. आणि दादांचा उच्चार... तुम्हीच सांगा, शपथ सोडलेला मुख्यमंत्री असा बोलला, तर लोकांना कळेल, की शपथ-बिपथ काही नव्हतं, माणूस आजारी होता."

"आजारी होताच तो!"

"ते तुम्हाला आणि मला माहीत." मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही थकल्या होत्या. त्यांच्या वरही कुणीतरी होतं आणि त्याच्या वर आणखी कुणीतरी. "त्यांनी गप्प राहावं. मालिका संपेपर्यंत काम पक्कं, हे माझं वचन. ते नको असेल, तर मग मुख्यमंत्री जाईल. तुम्ही हे इतकं छान लिहिलंत ना बाई, की आता बदलताच येत नाही."

बाई लिफ्टमधून खाली आल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओरडायचं कुणाच्या नावाने? ज्या माणसाला वाचवायला तोंडावर पट्टी बांधली, त्या पट्टीची गाठ आता सुटत नव्हती.

सांगायचं होतं. त्या संध्याकाळी बाई सरळ दादांकडे गेल्यादेखील, सांगायलाच गेल्या. पण दार उघडलं ते दादांनी आणि दारातच पहिलं वाक्य म्हणून दाखवलं. मग दुसरं. वहिनी आतून ओरडल्या, "अहो, त्यांना आत तरी येऊ द्या!" बाई आत आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय. होईल हं लवकरच." परत जाताना जिन्यात त्यांनी स्वतःला दोन-चार शिव्या हासडल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

मार्ग काढला दिग्दर्शकाने. हा मनुष्य वाईट नव्हता, फक्त रोज अठरा प्रसंग उरकून त्याच्यातला माणूस झोपेला आला होता. तो म्हणाला, "बाई, करू की चित्रीकरण. बोलू दे त्यांना पोटभर. मग संकलनात कापू. चॅनलने कापलं म्हणून सांगू, आपल्या हातात काय असतं? म्हाताऱ्याचं समाधान होईल."

बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या इतक्या दमल्या होत्या, की समोर आलेला पाट बघून त्यावर बसल्या. "बरं," त्या म्हणाल्या.

चित्रीकरणाच्या दिवशी दादा लवकर आले. मेकअप करणाऱ्याशी बोलले, दिवे लावणाऱ्याशी बोलले, फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही 'काय, बरं आहे ना?' म्हणाले. पाच महिन्यांत ज्यांनी त्यांचा आवाज ऐकला नव्हता, ते सगळे गोळा झाले. खाणीतल्या बायका झालेल्या वीस-पंचवीस जणी रोजंदारीवर आल्या होत्या. त्यांना एवढंच सांगितलं होतं, की मुख्यमंत्र्यांकडे बघायचं.

दादा पायरीवर उभे राहिले आणि बोलायला लागले.

अहो, काय बोलले! शब्द ओढत होते, मधेच ओठ दगा देत होता, दादा त्याला पुन्हा पकडून आणत होते. पूर्वीचा आवाज नव्हता तो. पूर्वीचा आवाज घडवलेला होता. हा कमावलेला होता. त्या बायकांना रडायला सांगितलं नव्हतं, तरी पुढच्या दोघी रडायला लागल्या. दिवेवाला टेकायचं विसरून उभा राहिला. आणि बाईंनी सहज कॅमेऱ्यांकडे पाहिलं.

चार कॅमेरे होते. तीन बायकांकडे वळलेले. दादांच्या समोर चौथा होता, पण तो बाजूला सरकवून ठेवलेला आणि त्याच्यावरचा, कॅमेरा चालू असल्याचा लाल दिवा विझलेला. दिग्दर्शकाचा हिशोब सरळ होता: जे कापायचंच, त्याच्यावर कॅमेरा कशाला अडकवा? त्यापेक्षा बायकांचे चेहरे घेऊन ठेवू, गप्प मुख्यमंत्र्याच्या पुढे जोडता येतील. चाळीस वर्षं ज्याने प्रेक्षकांना आणि चार वर्षं कॅमेऱ्याला तोंड दिलं, त्या माणसाला लाल दिवा दिसणार नाही? एवढं कसं या लोकांना कळलं नाही? आणि आपल्याला कसं कळलं नाही?

दादांना दिसला होता. दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला त्यांची नजर त्या विझलेल्या दिव्यावर गेली आणि तिथे क्षणभर थांबली. बाईंना वाटलं, संपलं, आता पायरी उतरतील. पण दादांनी कॅमेऱ्याचा नाद सोडला. पुढच्या रांगेत रडणाऱ्या त्या दोघींकडे बघून ते उरलेलं भाषण बोलले, शेवटच्या शब्दापर्यंत, एक अक्षर न गाळता.

टाळ्या पडल्या. खऱ्या पडल्या. दादा खाली उतरले आणि थेट बाईंकडे आले.

"दिवा नव्हता, बाई."

बाईंनी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि त्यांच्याच्याने बोलवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. मॅडम, सत्तर टक्के, संकलन, सगळं. "माझंच चुकलं, दादा. मी त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. तुमच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही."

दादा बाजूच्या लाकडी खोक्यावर बसले. भाषणाने घाम फुटला होता. तो त्यांनी मुख्यमंत्र्याच्या उपरण्याने पुसला. मग उपरण्याची घडी करून ते मांडीवर ठेवलं.

"मारा मला," दादा म्हणाले.

"काय?"

"मुख्यमंत्र्याला मारा. तोंड नव्हतं तेव्हा गप्प बसलो, त्यात लाज नव्हती. उपकार झाले तुमचे. पण आता तोंड असून गप्प बसायचं आणि त्याचा पगार घ्यायचा? बायको आरशासमोर रोज गाल फुगवायला लावते हो मला. तिला काय सांगू?"

"दादा, दुसरं काम लगेच नाही मिळायचं. या उच्चाराला..."

"माहीत आहे. नाही मिळालं तर घरी बोलेन." मग किंचित हसून म्हणाले, "मरताना एखादं वाक्य देतील का?"

बाईंनी मान हलवली. नाही.

"मग झोपेत मारा."

बाईंनी त्याच दुपारी लिहायला घेतलं. आजवर त्यांनी किती माणसं मारली असतील. विष, गोळी, दरी, विमान. अर्धं पान पुरतं, असं त्याच म्हणत. हे अर्धं पान लिहायला त्यांना चार दिवस लागले आणि यजमान विचारत राहिले, की गिळायला तरी येतेस का? चॅनलच्या मॅडमनी फोन करून खूप समजावलं, मग थोडं रागावल्या, आणि मग म्हणाल्या, ठीक आहे, अंत्यदर्शन मात्र मोठं करा.

मोठंच केलं. सचिवालयाच्या दालनात फुलांनी भरलेला चौथरा, त्यावर दादा डोळे मिटून. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदाच सेटवर आल्या. नवऱ्याला असं बघायला कशाला येता, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाल्या, "शेवटचा दिवस आहे. घरी बसून काय करू?" दोघी मॉनिटरच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या. वहिनींनी बाईंना एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

चौथऱ्यापाशी विरोधी पक्षनेता उभा राहून बोलणार होता. हे काम करणारा नट मोठा गुणी, पण पाठांतराच्या नावाने आवळ्याएवढं पूज्य. आणि त्यातून समोर दादा असे पडलेले. त्याचा ऊर भरून आला. "आम्ही आयुष्यभर भांडलो," तो म्हणाला. "सभागृहात भांडलो, रस्त्यावर भांडलो. पण आज..."

आज काय, ते त्याला आठवेना. कॅमेरे चालू, लाल दिवे चालू. त्याचे ओठ नुसते हलले.

"पण आज माझ्याशी भांडायला कुणी उरलं नाही," प्रेत म्हणालं.

डोळे मिटलेले, हात छातीवर जुळवलेले, फुलं जिथल्या तिथे. आणि आवाज खणखणीत, मागच्या भिंतीपर्यंत गेलेला.

"कट!" दिग्दर्शक किंचाळला. "दादा! मेलाय ना तुम्ही!"

"मेलोय रे," दादा डोळे न उघडता म्हणाले, "पण याचं वाक्य अडलं, मी काय करू?"

मग जो काही हशा फुटला! दिवेवाला शिडीवर हसत होता, रोजंदारीवरचे रडणारे हसत होते, विरोधी पक्षनेता चौथऱ्याला धरून हसता हसता ढसाढसा रडायला लागला. बाई हसत होत्या. त्यांच्या मनगटाला काहीतरी घट्ट आवळलं, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. वहिनींनी त्यांचा हात धरला होता.

"बाई, ऐकलंत?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा ओला झाला होता आणि तो पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "कुठे अडलं नाही. एकदाही नाही. ऐकलंत ना?"

"ऐकलं, वहिनी. सगळ्यांनी ऐकलं."

दिग्दर्शकाने टाळ्या वाजवून सगळ्यांना जागेवर पाठवलं. कुणीतरी विस्कटलेली फुलं नीट लावली, मेकअपवाल्याने दादांच्या कपाळावरचा घाम टिपला. दादांनी हात पुन्हा छातीवर जुळवले. मग त्यांनी ओठ मिटून घेतले आणि दिग्दर्शकाने कॅमेरे सुरू करायला सांगितले.